माळ्यावरची विळी

पत्र:

ताई, मी ३४ वर्षांचा. भांडुपला राहतो, नोकरी फोर्टला. घरी आई, बायको आणि दोन वर्षांची मुलगी. फेब्रुवारीत एका सकाळी गाडी प्लॅटफॉर्मला लागत होती, माझ्यापुढे एक आजोबा उभे होते, आणि डोक्यात आलं, ‘यांना ढकललं तर?’ मी इतका हादरलो की ती गाडी सोडली. तेव्हापासून भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात सॅकच्या पट्ट्यांत अडकवून उभा राहतो. तीन-चार गाड्या सोडतो. लेट मार्कांचं विचारू नका. ऑफिसात पोचलो की मोबाइलवर बघतो, आज भांडुपला कुणी गाडीखाली आलं का. आलं असेल तर मी तेव्हा कुठे उभा होतो ते दिवसभर आठवत बसतो.

मे महिन्यात हे घरात शिरलं. आई विळीवर लोणच्याच्या कैऱ्या फोडत होती, मुलगी शेजारी खेळत होती, आणि मला जे दिसलं ते लिहवत नाही. त्या रात्री सगळे झोपल्यावर विळी माळ्यावर टाकली, जुन्या गाद्यांच्या मागे. नंतर सुऱ्या, कात्री. गणपतीत आईने विळीसाठी घर पालथं घातलं. मी पाकिटातलं खोबरं आणून दिलं, त्याचे मोदक झाले, आई दोन दिवस बोलली नाही. मुलीला उचलत नाही, पाठ दुखते म्हणून सांगतो. ती झोपली की टॉर्चच्या उजेडात तिचा गळा, हात तपासतो. बायकोला रोज विचारतो, ‘ती बरी आहे ना?’ तिला वाटतं मुलगी झाली म्हणून मी नाराज आहे. ताई, मुलगी व्हावी म्हणून नवस मीच बोललो होतो.

मी आजवर कुणावर हात उचललेला नाही. पण मनात असल्याशिवाय असे विचार येतात का? पोलिसांत जाऊन सांगून टाकू का? मला एवढंच सांगा, मी असं काही करणार नाही ना?

– एक बाबा, भांडुप

उत्तर:

नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं पत्र तुम्ही त्या एका ओळीसाठी लिहिलंय हे कळतंय. त्याचं उत्तर देणार आहे, पण एकदाच.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आणि ते शमवायला त्याच त्या कृती करत राहण्याच्या आजाराचा, एक नेहमी दिसणारा प्रकार वाटतो. पक्कं निदान समोर बसवून नीट ऐकून घेणारा डॉक्टरच करेल. या प्रकारात ‘माझ्या हातून कुणाला इजा होईल’ असे विचार छळतात, आणि ते येतात म्हणून तसं घडण्याचा धोका वाढत नाही. झालं उत्तर. आता या ओळीचा स्क्रीनशॉट काढू नका. काढलात तर उद्या प्लॅटफॉर्मवर वाचाल, बरं वाटेल. परवा दोनदा वाचाल. पुढच्या आठवड्यात वाटायला लागेल, ताईंना मी त्या दिवशीचं सगळं कुठे सांगितलंय? सांगितलं असतं तर त्यांनी हेच लिहिलं असतं का? की बसलात दुसरं पत्र लिहायला.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. या कामात नवी होते तेव्हा एक नर्सबाई यायच्या. पेशंटला चुकीचं इंजेक्शन दिलं असेल, ही शंका त्यांना सोडत नव्हती. दर आठवड्याला मी त्यांना समजावायचे, नाही हो, तुम्ही किती काळजीपूर्वक काम करता. त्या हसत घरी जायच्या. सुरुवातीला ते हसू आठवडाभर टिकायचं, मग तीन दिवस, शेवटी शेवटी बसस्टॉपवरूनच फोन यायचा. सहा महिने मी धीर देतेय असं समजत होते आणि त्यांचा आजार पोसत होते. ओसीडीला धीर पुरत नाही. त्याला खात्री लागते, शंभर टक्के, आणि तेवढी खात्री कुणाकडेच नसते. तुमच्याकडे नाही, माझ्याकडे नाही, त्या प्लॅटफॉर्मवर तुमच्या शेजारी उभं राहून शांतपणे वडापाव खाणाऱ्याकडेही नाही. फरक एवढाच की त्याला ती लागत नाही.

त्याला असा विचार कधी आलाच नसेल असं तुम्हाला वाटतं का? लंडनमध्ये १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्व्हा या दोघांनी हेच तपासलं. कसलाही आजार नसलेल्या माणसांना त्यांनी विचारलं, नको ते, घाणेरडे, हिंसक विचार येतात का? बहुतेकांनी हो म्हटलं. मग त्यांचे आणि रुग्णांचे विचार शेजारी शेजारी ठेवले, तर कुठला कुणाचा हे जाणकारांनाही धड ओळखता येईना. २०१४ मध्ये तेरा देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना विचारलं गेलं, तेव्हा सुमारे ९४ टक्के जणांनी गेल्या तीन महिन्यांत असा एक तरी विचार आल्याचं सांगितलं. माझंही सांगते. भाचा तान्हा असताना त्याला घेऊन आमच्या चाळीच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिले की पोटात गोळा यायचा, हा हातातून सोडला तर? मी दोन पावलं मागे यायचे आणि त्याला कावळे दाखवायचे. तेवढ्यावर संपायचं. तुमचं संपलं नाही, कारण तुम्ही त्या विचाराला थांबवून त्याचं आधार कार्ड मागितलंत.

का मागितलंत, तेही बघू. आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडतं, ‘शुभ बोल रे, वास्तू तथास्तु म्हणते.’ तिन्हीसांजेला कुणी काही अभद्र बोललं की आजी लगेच दटावायची. मला ही पद्धत आवडते, खोटं कशाला बोलू. पण ज्याला ओसीडी आहे तो ही गोष्ट अक्षरशः घेतो. मनात आलं म्हणजे निम्मं घडलंच, आणि मनात येऊ देणारा मी निम्मा गुन्हेगार. मानसशास्त्रात या गफलतीला वेगळं नाव आहे, आपण तिला तथास्तुची भीती म्हणू. दुसरीकडे आपल्याच भाषेने ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असंही म्हणून ठेवलंय. मुलाची शेवटची लोकल चुकली तर त्याच्या आईच्या मनात काय काय येतं ते आठवा. त्यावरून ती मुलाची वैरी ठरत नाही.

‘मनात असल्याशिवाय असे विचार येतात का?’ येतात. आणि ते हमखास जिवाच्या ठिकाणी टोचतात. देवभोळ्या माणसाला नेमक्या आरतीच्या वेळी देवाला शिव्या सुचतात. हिशेबाला चोख असलेल्याला आपण अफरातफर केली की काय असं वाटतं. सासूबाईंची मनापासून सेवा करणारी सून त्यांच्या गोळ्या मोजून मोजून थकते. मुलगी व्हावी म्हणून नवस बोललेल्या बापाला काय दिसावं? तुम्हाला तिची पर्वा नसती तर विळी स्वयंपाकघरातच राहिली असती.

त्या विळीबद्दल जरा बोलायचंय.

काम झालं की विळी आडवी करायची, हे आपल्याकडे पोरींना भाकरी थापायच्या आधी शिकवतात. उभ्या पात्यावर रांगतं पोर जाऊ नये, अंधारात कुणाचा पाय पडू नये म्हणून. ही खबरदारी. सगळ्यांसाठी सारखी, एकदा घेतली की डोक्यातून गेली. तुमच्या आईनेही त्या दिवशी कैऱ्या फोडून झाल्यावर विळी आडवी केली असणार, आणि त्या लोणच्याच्या मसाल्याकडे वळल्या असणार. तुमचं मन मात्र त्या पात्याशीच थांबलं. रात्री ती विळी माळ्यावर गेली तेव्हा कशापासून कोण वाचलं? मुलगी तर मुळात धोक्यात नव्हती. वाचली ती तुमची बेचैनी, आणि तीही सकाळपर्यंतच, कारण सकाळी तुम्हाला सुऱ्या दिसल्या. मग कात्री. आता घरात टोकदार काही उरलं नसेल तर तुम्ही स्वतःच्या हातांकडे बघत असाल. मुलीला उचलणं बंद झालं ते त्याचमुळे ना?

गाड्या सोडणं, सॅकचे पट्टे, टॉर्च, अपघाताच्या बातम्या, बायकोला विचारणं हा सगळा याच कुटुंबातला गोतावळा. ओसीडी म्हटलं की लोकांना हात धुणारा, कुलूप ओढून बघणारा माणूस आठवतो. मराठीतला जुना शब्द मंत्रचळ, तोही आपण सोवळ्याओवळ्याच्या अतिरेकासाठीच जास्त वापरला. तुमच्या कृती तशा दिसत नाहीत, म्हणून हा तोच आजार आहे हे घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या त्या वेळी या कृतींनी सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू हिशेब मांडतो: टॉर्च मारली म्हणून ती वाचली, उद्याही मारायला हवी.

टॉर्चचा अजून एक तोटा आहे. नेदरलँड्समध्ये २००३ साली एक प्रयोग झाला. लोकांना कॉम्प्युटरवरची गॅसची शेगडी बंद आहे ना, हे पुन्हा पुन्हा तपासायला लावलं. शेवटच्या वेळचं त्यांना बरोबर आठवत होतं, पण आपल्याला आठवतंय यावरचा त्यांचा भरवसा कमी झाला होता. ही साधी, धडधाकट माणसं होती बरं का. तपासण्याने खात्री वाढत नाही, पातळ होते. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर मी नेमका कुठे होतो, हे पंचवीस वेळा आठवून तुम्ही ती आठवण झिजवून टाकलीय. आता ती धूसर दिसते, आणि धूसर दिसते म्हणून संशय येतो.

विचार दाबूनही भागत नाही. औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेलच.

आता पोलिसांचं. नका जाऊ. तिथे गुन्हा नाही आणि फिर्यादही नाही, ड्यूटीवरचा हवालदार तुम्हाला चहा पाजून घरी पाठवेल, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाटेल की त्याला आपण नीट सांगितलं नाही. तुमची कबुली हीसुद्धा एक टॉर्चच आहे.

तरीही काही गोष्टी विचारल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. या विचारांचा तुम्हाला तिटकारा येतो की ते हवेसे वाटतात? कुणावर खरा राग धरून काही बेत आखलाय का? कानात आवाज येऊन हुकूम सोडतात का? पत्रावरून यातलं काही दिसत नाही. असतं, तर मी हे एवढं लिहीत न बसता आजच्या आज डॉक्टरकडे जा म्हटलं असतं. एक चौथा प्रश्न मात्र खराच आहे. महिनोन्‌महिने असं काढलेला माणूस थकतो. प्लॅटफॉर्मवर उभं असताना, दुसऱ्याला सोडा, स्वतःलाच संपवावं असं मनात येतं का? येत असेल तर घरात आजच सांगा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. जगभरात शंभरातल्या दोन-तीन जणांना आयुष्यात कधी तरी हा आजार होतो, तेव्हा डॉक्टरांना तुमची कहाणी नवी नाही. केईएम, नायर, सायन, जेजे या सगळ्या ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. भांडुपहून सायन सोयीचं. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा, रांग असेल, डबा बरोबर ठेवा. आत गेल्यावर ‘टेन्शन येतं, झोप लागत नाही’ एवढंच सांगून उठू नका. बहुतेक जण लाजेपोटी तेवढंच सांगतात आणि झोपेची गोळी घेऊन परततात. हे पत्रच दाखवा. तुमचं सांगणं गुप्त ठेवायला डॉक्टर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बांधलेले असतात. कुणाच्या जिवाला खरोखरचा धोका असेल तर अपवाद आहे, पण नको असलेले विचार म्हणजे तसा धोका नव्हे, हे त्यांना ठाऊक असतं.

ते गोळ्या देतील. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशा गटातल्या. त्यांची चटक लागत नाही, मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. नैराश्याला लागतो त्यापेक्षा ओसीडीला डोस बहुतेकदा जास्त लागतो, आणि पुरता गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पहिल्या दिवसांत मळमळतं, डोकं दुखतं, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून लोक पंधराव्या दिवशी सोडून देतात. तुम्ही सोडू नका, डॉक्टरांना फोन करा.

गोळ्यांच्या बरोबरीने हवी ती ईआरपी, म्हणजे एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन ही थेरपी. लंडनच्या व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्ये याची पहिली उदाहरणं मांडली. कल्पना साधी आणि करायला अवघड: भीती वाटते त्या गोष्टीजवळ जायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही. सायकॉलॉजिस्टकडे गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, ‘तुम्ही ईआरपी करता का?’ नुसतं बोलून मन हलकं करणारा समुपदेशक इथे कमी पडतो. माझ्या त्या सहा महिन्यांसारखं होतं.

तुमच्या घरात ते कसं दिसेल, सांगू? सुरुवातीला माळ्यावरून विळी खाली येईल आणि स्वयंपाकघरात तिच्या जागी आडवी पडून राहील. तुम्ही बाहेरच्या खोलीत. छाती धडधडेल, दर पाच मिनिटांनी वाटेल की उठून बघावं. उठायचं नाही. धडधड शिगेला पोचते आणि तुम्ही काहीही न करता उतरायला लागते, हे तुमच्या शरीराला कुणी सांगून कळणार नाही, त्याने ते भोगूनच शिकायचं. मग एक दिवस आई नारळ खोवताहेत आणि तुम्ही दारात. मग तुम्ही खोवताय, मुलगी आतल्या खोलीत. मग ती तुमच्या समोर बसून खोबऱ्याला हात पुढे करतेय, कुठलंही पोर बसतं तेवढ्या अंतरावर. इकडे प्लॅटफॉर्मवर भिंतीपासून एक पाऊल, मग दोन, पिवळ्या रेषेच्या मागे जिथे चारचौघं उभी असतात तिथे, हात मोकळे. आणि मनात ‘मी करणार नाही, करणार नाही’ असा जप नाही. उलट, ‘करीनही कदाचित, कुणी सांगावं,’ असं म्हणून त्या विचाराला सोबत घेऊन चौथ्या सीटवर बसायचं. वाचतानाच अंगावर काटा आला ना? म्हणून हे एकट्याने सुरू करायचं नाही. पायऱ्या कुठून आणि केवढ्या, ते थेरपिस्ट तुमच्याबरोबर ठरवतो. साधारण बारा ते वीस बैठका लागतात. या काळात आई दृष्ट काढते म्हणाल्या तर काढू द्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही होऊन मागितलीत, तर ते थेरपिस्टला सांगा.

डॉक्टरांकडे जायच्या आधी मात्र एक काम या रविवारी करायचंय. बायकोला सांगा. मुलगी झाली म्हणून नवरा नाराज आहे, असं मनात धरून ती माउली जगतेय, आणि तुमच्या सगळ्या लपवाछपवीतली खरी इजा कुणाला झाली असेल तर ती तिला. मुलगी झोपल्यावर, टीव्ही बंद करून सांगा. ‘मला ओसीडी असावा असं वाटतंय. माझ्या हातून हिला काहीतरी होईल असे विचार येतात आणि मी त्यांना घाबरून लांब राहतो. ती नकोय म्हणून नाही.’ एवढं पुरे. विचारांची चित्रं रंगवून सांगायची गरज नाही, आणि ‘तुला काय वाटतं, मी करेन का?’ हे तर बिलकुल विचारायचं नाही. ती घाबरेल, कदाचित रडेल. तिला हे उत्तर वाचायला द्या, आणि पहिल्या अपॉइंटमेंटला बरोबर न्या.

तुम्ही ‘ती बरी आहे ना?’ विचारलंत की काय करायचं, ते तिने डॉक्टरांसमोर तुमच्याबरोबर ठरवावं. एकदम तोंड फिरवलं तर ते क्रूर होतं. ‘हा तुझा आजार विचारतोय, मी त्याला उत्तर देणार नाही, चल, भांडी आवरू’ असलं काहीतरी चालतं. पहिले काही दिवस तुमची तिच्यावर चिडचिड होईल. तिला आधीच सांगून ठेवा.

आईंना सगळं सांगायचं की नाही, ते तुमच्या घराच्या रीतीवर आहे. पण विळी त्यांची आहे. माळ्यावर मीच टाकली होती, एवढं तरी कबूल करा. ती चोरीला गेली नाही आणि आपल्यालाही विसराळूपणा आला नाही, हे त्या बाईला कळायला हवं. पाकिटातल्या खोबऱ्याचं त्या माफ करतील असं मात्र मी सांगू शकत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलात की लिहा. थेरपिस्ट कसा वाटला, गोळ्यांचा त्रास होतोय का, बायको काय म्हणाली, सगळं विचारा, उत्तर देईन. ‘मी करणार नाही ना?’ असं विचारलंत तर त्या ओळीपुरती मी गप्प बसेन. राग मानू नका.